कृष्णधवल चेहऱ्यात रंग भरायचा तर

चेहऱ्यासाठी एक ‘स्किन कलर’ निवडला, ब्रश घेतला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवला, की फोटो बिघडलाच म्हणून समजा. त्वचेला एकच रंग कधीच नसतो. उजेडातलं कपाळ फिकट पिवळसर असतं, गाल तांबूस आणि हनुवटीखालची सावली विटकरी. कोल्हापुरात राहणाऱ्यांना हे बघायला लांब जावं लागत नाही. टाऊन हॉल म्युझियममध्ये इथल्या जुन्या चित्रकारांची कामं आहेत. एखाद्या रंगवलेल्या चेहऱ्यापुढं उभं राहा आणि फक्त सावलीकडची बाजू बघा. तिथं राखाडी कमी आणि रंगच जास्त दिसेल.

आधी स्कॅन. सहा बाय चारचा फोटो ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की ३६०० बाय २४०० पिक्सेल मिळतात, तेवढे पुरे. पासपोर्टचा फोटो असेल तर १२०० डीपीआय ठेवा. फाइल टिफ, १६ बिट. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा, कारण रंगीत फाइल लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांची, म्हणजे चॅनलची, असते आणि पिवळे डाग निळ्या चॅनलमध्ये सगळ्यात गडद आणि लाल चॅनलमध्ये सगळ्यात फिके दिसतात. फोटोशॉपमध्ये चॅनल मिक्सर उघडून मोनोक्रोमवर टिचकी मारा, लाल १००, हिरवा आणि निळा शून्य करा. निम्मे डाग तिथंच जातात. नुसतं डीसॅच्युरेट केलं, म्हणजे रंग एकदम काढून टाकला, तर ते सगळे राखाडी ठिपके होऊन मागं राहतात आणि एकेक पुसत बसावं लागतं.

२०१९च्या महापुरात भिजलेले बरेच फोटो फ्रेमच्या काचेला चिकटून बसलेत. ते सोलून काढायच्या फंदात पडू नका. प्रतिमेचा थर काचेवरच राहतो आणि हातात कोरा कागद येतो. काचेसकट स्कॅन करा. सिल्क फिनिशच्या, म्हणजे खरखरीत कागदावरच्या फोटोची वेगळी युक्ती आहे. एकदा सरळ आणि एकदा १८० अंश फिरवून, असे दोन स्कॅन करा. दुसरा फिरवून पहिल्यावर नेमका बसवा आणि वरच्या लेयरची (थराची) ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, ५० टक्के करा. कागदाच्या खरखरीची चमक बरीच निवळते.

ओरखडे आणि घड्या नव्या रिकाम्या लेयरवर हीलिंग ब्रशनं काढा, मूळ लेयरला हात लावू नका. ‘डस्ट अँड स्क्रॅचेस’ फिल्टर अख्ख्या फोटोवर मारला की भुवया आणि पापण्याही धुवून निघतात. ही सफाई पूर्ण झाल्याशिवाय रंगाकडं वळायचं नाही.

आता मुख्य काम. फोटोशॉपमध्ये ग्रेडियंट मॅपचा, म्हणजे गडद ते उजळ अशा प्रत्येक छटेला ठरलेला रंग देणारा, अॅडजस्टमेंट लेयर घ्या आणि ब्लेंड मोड ‘कलर’ करा. या मोडमध्ये खालचा उजेड-अंधार तसाच राहतो, वरून फक्त रंग चढतो. गव्हाळ त्वचेसाठी ग्रेडियंटच्या पट्टीवर तीन थांबे, म्हणजे रंग ठरवायच्या जागा, द्या. १५ टक्क्यांवर लाल ९६, हिरवा ५२, निळा ३८. पन्नासवर १७६, १२४, ९२. पंच्याऐंशीवर २३६, २०४, १७८. गडद भागात रंग दाट आणि तांबड्याकडं झुकलेला, उजळ भागात विरळ आणि पिवळसर, हीच त्यातली मेख. सावळा रंग हवा असेल तर मधला थांबा थोडा गडद आणि दाट करा, पण क्रम हाच ठेवा. चेहऱ्यावरचा सगळ्यात उजळ भाग मुळात राखाडीच असेल, तर तिसरा थांबा सत्तरवर आणा. नाहीतर तो कधी वापरलाच जात नाही आणि चेहरा विटकरी राहतो.

गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ग्रेडियंट मॅप थेट लेयरवरच बसतो. म्हणून फोटोच्या लेयरची नक्कल करा, तिच्यावर तो लावा आणि तिचा मोड ‘एचएसएल कलर’ ठेवा.

लेयरचा मास्क, म्हणजे रंग कुठं दिसायचा ते ठरवणारा पडदा, काळा करा (फोटोशॉपमध्ये कंट्रोल-आय) आणि मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशनं चेहरा, मान, कान, हात उघडे करा. केसांच्या रेषेशी ब्रशची ओपॅसिटी ३० टक्क्यांवर आणा आणि त्वचेचा रंग केसांच्या मुळांत थोडा शिरू द्या. तिथं रेघ धारदार राहिली की डोक्यावर टोप घातल्यासारखं दिसतं.

यावर लालीचा वेगळा सॉलिड कलर लेयर: लाल १९०, हिरवा ७०, निळा ६०, मोड सॉफ्ट लाइट, ओपॅसिटी १० ते १५ टक्के. नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या, गाल आणि बोटांची पेरं एवढ्याच जागा. पंधराच्या वर गेलात तर जोतिबाच्या यात्रेहून आल्यासारखा गुलाल दिसतो. दाढी केलेल्या पुरुषांच्या हनुवटीला आणि वरच्या ओठाला करडी-हिरवट छटा द्या, आठ टक्के पुरे. ओठांना बाजारी गुलाबी लावू नका. त्वचेचाच रंग थोडा तांबडा करून वापरा. डोळ्यांचा पांढरा भाग कोरा सोडला तर आजूबाजूच्या उबदार रंगामुळं तो निळसर भासतो. तिथं त्वचेचा रंग १० टक्के येऊ द्या. केसांनाही तेच लागू आहे: कोरे सोडले की निळे दिसतात, म्हणून हलका तपकिरी द्यायचाच.

कुंकवाचं मात्र वेगळं आहे. काचेच्या जुन्या प्लेटा आणि ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यामुळं लाल कुंकू काळं, ओठ गडद आणि त्वचा आहे त्यापेक्षा सावळी उतरायची. उलट निळा रंग पांढऱ्याजवळ जायचा. ‘कलर’ मोड उजेड बदलत नसल्यानं काळ्या कुंकवावर कितीही लाल ओता, ते काळंच राहतं. आधी उजेड कमीजास्त करणारा कर्व्ह्जचा लेयर घेऊन मास्कनं फक्त कुंकू उजळा, मग लाल द्या. चेहराही तसाच थोडा उजळून घ्या. आणि पणजी फोटोत सावळी दिसते म्हणून ती सावळीच होती असं धरू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

कपड्यांच्या बाबतीतही विचारपूस आधी, ब्रश नंतर. कुणालाच आठवत नसेल तर तशाच वस्त्राचा आजचा रंगीत फोटो घ्या, तो कृष्णधवल करा आणि मूळ फोटोशेजारी ठेवा. इरकलीचा काठ किंवा खणाची चोळी दोन्हीकडं सारखीच गडद दिसली, तर तो रंग शक्य आहे. सारखी नसेल तर तो रंग सोडून द्या. जुन्या प्लेटांच्या फोटोला ही कसोटी लावताना रंगीत फोटोचा फक्त निळा चॅनल बघा. त्या काळच्या नजरेच्या तो जास्त जवळ जातो. पांढरं धोतर आणि टोपी पूर्ण पांढरी सोडायची नाही. उजेडात साय रंगाची छटा, चुण्यांच्या सावलीत निळसर, दोन्ही पाच-सात टक्के.

साज, ठुशी, पुतळ्यांची माळ यांना सपाट पिवळा दिला की प्लॅस्टिक झालं. सोन्यासाठी दुसरा ग्रेडियंट मॅप: सावलीत ६२, ३६, १२; मध्ये १७६, १२४, ४०; चमकेत २५०, २३२, १७६. ब्रश तीन ते पाच पिक्सेलचा आणि झूम २०० टक्के. नथीच्या मोत्यांना रंग नको, कडेला त्वचेची किंचित झाक पुरे. या कामाला चेहऱ्याइतकाच वेळ जातो, आणि साजाची पानं मोजून ओळखणारी मावशी घरात असेल तर आणखी जास्त.

फोटोशॉपच्या न्यूरल फिल्टर्समधलं ‘कलराइझ’ पहिल्या अंदाजासाठी वापरायला हरकत नाही. निकाल नव्या लेयरवर काढा. त्यात साडी बऱ्याचदा मळकट तपकिरी किंवा निळी होते आणि त्वचेचा रंग पदरावर सांडतो. चेहरा ‘सुधारणाऱ्या’ अॅपपासून मात्र लांब राहा. ती डोळे आणि दात स्वतःच्या मनानं घडवतात. फोटो झकास होतो, पण त्यातली आजी दुसऱ्याच कुणाची तरी असते.

काम करताना स्क्रीनचा नाइट लाइट बंद हवा, नाहीतर छपाईत चेहरे निळे पडतात. सगळे रंगाचे लेयर एका ग्रुपमध्ये घाला, त्याची ओपॅसिटी ८० ते ८५ टक्क्यांवर आणा आणि फाइल रात्रभर तशीच ठेवा. तासभर रंग बघून डोळा सरावतो आणि भडकपणा कळेनासा होतो. सकाळी फोटो आरशातल्यासारखा आडवा उलटवून बघितला की चुका लगेच दिसतात.

छपाईसाठी वेगळी प्रत काढा: एसआरजीबी, ८ बिट, ३०० पीपीआय, जेपेग सर्वात वरच्या दर्जाची. लेयरसकट पीएसडी आणि मूळ टिफ जपून ठेवा. लॅबमध्ये आधी चार बाय सहाची एक प्रत काढून ती दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात बघा, आणि ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ असं तिथल्या माणसाला स्पष्ट सांगा. मगच मोठ्या प्रतीची ऑर्डर द्या.