रानात न्यायचा मजबूत फोन घेताना

नागपूरजवळच्या रामटेकच्या टेकड्या किंवा पेंचच्या बाजूच्या भटकंतीसाठी मजबूत फोन घ्यायचा असेल, तर जाड रबरी कव्हर बघून भुलू नका. आधी त्याचं जीपीएस तपासा. उपग्रहांच्या संदेशांच्या 'एल१' आणि 'एल५' अशा दोन्ही वारंवारितांवर चालणारा फोन दाट झाडीत किंवा उंच कड्याजवळ जागा जास्त अचूक दाखवतो. आपल्या इस्रोची 'नाविक' ही जीपीएससारखी उपग्रह प्रणाली फोनवर चालत असेल तर उत्तमच. सीताबर्डीच्या दुकानात फोन हातात घ्या, दाराबाहेर मोकळ्या आकाशाखाली या आणि 'जीपीएसटेस्ट' ॲपमध्ये एल५ चे उपग्रह दिसतात का ते बघा. दुकानदाराला हे खुशाल सांगा, पैसे तुमचे आहेत. होकायंत्राचा सेन्सरही असायलाच हवा, स्वस्त फोनमध्ये तो बरेचदा नसतो.

फोनवर 'आयपी६८' हा दर्जा लिहिलेला असेल, तर त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि एक मीटरपेक्षा खोल पाण्यातही फोन टिकतो. किती खोल, किती वेळ, हे कंपनी ठरवते, म्हणून ते वाचून घ्या.

नागपूरकरांनी उन्हाचा विचार जास्त करावा. बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो. तापलेला फोन चार्जिंग थांबवतो, पडदा अंधूक करतो. म्हणून उन्हात दिसेल असा प्रखर पडदा आणि मोठी बॅटरी घ्या, फोन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशाला लागतं. नकाशा घरीच डाउनलोड करा आणि नेटवर्क असताना पहिल्यांदा जागा लवकर सापडते, म्हणून रेंज जाण्याआधी तो एकदा उघडून फोनला जागा पकडू द्या.