वाइन टेस्टिंग आणि जेवण एकाच रात्री? या चुका टाळा

आमच्या गटाची एक रात्र मला अजून बोचते. आठ जणांनी आठ बाटल्या आणल्या होत्या, प्रत्येकाने आपापल्या आवडीची. टेबलावर जेवण वाफाळत होतं, सुगंधी मेणबत्त्या लावलेल्या होत्या, आणि वर्षभर जपून ठेवलेली जुनी रेड अगदी शेवटी उघडायची असं ठरलं होतं. तिचं बूच निघालं तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. सगळे ‘छान आहे’ म्हणाले आणि गप्पा दुसरीकडे वळल्या. मंडळी गेल्यावर मी खिडक्या उघडल्या, मेणबत्त्या विझवल्या, पाणी प्यायलो आणि तळाशी उरलेला घोटभर भाग स्वच्छ ग्लासात ओतून घेतला. वाइन अप्रतिम होती. मग तासाभरापूर्वी ती कोणालाच का कळली नाही?

वाइनमध्ये काही उणं नव्हतं. आम्ही चाखणं आणि जेवणं ही दोन कामं एकात एक मिसळून टाकली होती. चाखताना लक्ष ग्लासात हवं, जेवताना ते माणसांत आणि ताटात जातं, आणि तसंच ते जायला हवं. पुढच्या बऱ्याचशा चुका या एका गोंधळातूनच जन्माला येतात.

पहिल्या घोटाबरोबरच जेवण वाढणं

रेड वाइनमधलं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतून येणारं तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड तुरट होतं. पुढ्यात चीज किंवा मांसाचा पदार्थ असेल तर टॅनिन त्यातल्या प्रथिनांना आणि स्निग्धतेला जाऊन चिकटतं आणि तीच वाइन मऊ लागते. मिठाने कडवटपणा दबतो. गोड पदार्थानंतर कोरडी (गोडवा नसलेली) वाइन आंबट आणि रोडावलेली वाटते. तिखटाचं तर विचारूच नका: अल्कोहोल आणि तिखट तोंडातल्या त्याच जळजळीच्या ग्राहींना डिवचतात, त्यामुळे साडेचौदा टक्के अल्कोहोलची रेड तिखटाबरोबर नुसती पेटते. आर्टिचोक या परदेशी भाजीतल्या सायनारिन नावाच्या द्रव्यामुळे पुढचा प्रत्येक घोट उगाच गोडसर लागतो. तेलकट माशाबरोबर काही रेड वाइनना धातूसारखी, माशाचा वास मारणारी चव येते. त्यामागे वाइनमधलं लोह असतं, असं २००९ साली जपानी संशोधकांनी दाखवलं.

जेवताना यात वाईट काही नाही. वाइन आणि अन्न एकमेकांना बदलतात यातच तर जेवणाची गंमत आहे. पण बाटली क्रमांक तीन आणि चार यांची तुलना करायची असेल आणि तीनबरोबर तुम्ही चीज खाल्लं असेल, चारबरोबर लिंबू पिळलेलं काही, तर ती तुलना वाइनची राहत नाही.

म्हणून आम्ही आता रात्रीचे दोन भाग करतो. पहिला तास-सव्वा तास फक्त वाइन, साधं पाणी आणि बिनमिठाचा किंवा अगदी साधा पाव. मग ग्लास तसेच ठेवून जेवण, आणि त्याच बाटल्या पुन्हा टेबलावर. मला हा दुसरा भाग जास्त आवडतो. मघाशी एकटी असताना कडक वाटलेली वाइन जेवणाबरोबर उलगडते, आणि मघाशी सगळ्यांनी उचलून धरलेली कधीकधी फिकी पडते. एकाच वाइनचे दोन चेहरे एका रात्रीत पाहायला मिळतात. एकच पथ्य पाळा: उपाशीपोटी कोणाला बसवू नका. यायच्या आधी थोडं खाऊन या, असं आधीच कळवा.

बाटल्यांचा हिशेब न करणं

‘प्रत्येकी एक बाटली’ हा नियम ऐकायला न्याय्य वाटतो. दहा जण आले की दहा बाटल्या होतात, आणि सातवीनंतर बहुतेकांचं नाक थकतं. आमचा अनुभव सांगतो की सहा पुरेत, आठ म्हणजे डोक्यावरून पाणी. दोघांनी मिळून एक बाटली आणली की संख्या आटोक्यात राहते आणि बाटलीही जरा बरी येते.

आता मापं. बाटली ७५० मिलीची. दहा जणांना पहिल्या फेरीत ४० मिली दिली की ४०० गेली. उरलेल्या ३५० मधून तळाचा गाळ सोडून जेवणाबरोबर प्रत्येकी ३० मिली मिळते. सहा बाटल्यांचं मिळून माणशी ४२० मिली, म्हणजे अर्ध्या बाटलीहून जास्त. साडेतेरा टक्के धरले तर त्यात साधारण ५७ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ‘आपण तर नुसतं चाखतोय’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. अंदाजाने ओतणारा हात पहिल्या बाटलीला नेहमी उदार असतो आणि शेवटचे दोघं घोटभरावर राहतात. मापाचा छोटा पेला ठेवा, किंवा एका ग्लासवर ४० मिलीची खूण करून तोच नमुना समोर ठेवा.

पिकदाणी ठेवाच, आणि यजमानाने ती स्वतः आधी वापरावी. नवीन माणसाला थुंकायची लाज वाटते. यजमानाने वापरली की ती लाज जाते. प्रत्येकाला वेगळा उभा, अपारदर्शक कप दिलात तर आणखी सोपं. थुंकलं तरी थोडं अल्कोहोल अंगात जातंच, तेव्हा घरी कोण कसं जाणार हे बूच काढायच्या आधी ठरलेलं असू द्या. गाडी चालवणाऱ्याने ‘माझं थोडंच झालंय’ म्हणणं मी ऐकून घेत नाही.

तापमान नशिबावर सोडणं

सगळ्यात जास्त वेळा होणारी आणि सगळ्यात सहज सुधारता येणारी चूक हीच. ‘रेड खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड दगडी घरांच्या काळातला आहे. आजच्या उबदार खोलीत पंचवीस अंशांची रेड दिली की आधी अल्कोहोल नाकाला झोंबतं आणि फळांचा वास मागे राहतो. भारदस्त रेड १६ ते १८ अंशांना, हलकी रेड १२ ते १४ ला, भरीव व्हाइट १० ते १३ ला, हलकी व्हाइट ८ ते १० ला आणि स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन, ६ ते १० ला. यात एखादा अंश इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही.

उलट टोकही तितकंच वाईट. फ्रीजमधून थेट काढलेली चांगली व्हाइट मुकी असते, आणि जास्त गार केलेल्या रेडचं टॅनिन कडक लागतं. व्हाइट वाढायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढा, रेड अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा. वेळ कमी असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला. नुसत्या बर्फाचे खडे बाटलीला जागोजागीच टेकतात, पाणी तिला सगळीकडून वेढतं, म्हणून थंडावा झपाट्याने उतरतो. शंका असेल तेव्हा थोडी गारच द्या. ग्लासात ती आपोआप चढते, उतरत मात्र नाही.

खराब बाटली ओळखू न येणं, आणि ओळखल्यावर गप्प बसणं

याबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण इथे वाइनबरोबर माणसंही दुखावतात.

कॉर्क्ड, म्हणजे बुचामुळे बिघडलेल्या, वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघराचा वास येतो. कारण बहुतेकदा २,४,६-ट्रायक्लोरोॲनिसोल, म्हणजे टीसीए, हे रसायन. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी या बिघाडामागचा हा दोषी शोधला. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्यानेही तो जाणवतो. वास ठळक असेल तेव्हा काम सोपं असतं. अवघड असतं ते पुसट टीसीएचं: पुठ्ठ्याचा वास नाही, नुसती वाइन मिटलेली. २०१३ साली जपानी संशोधकांनी घ्राणपेशींवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की टीसीए त्या पेशींची संवेदनाच दाबून टाकतो. म्हणून अशी वाइन बिघडलेली न वाटता ‘काही खास नाही’ एवढीच वाटते, आणि बिचाऱ्या उत्पादकावर शिक्का बसतो.

फरक कसा करायचा? काडी ओढल्यासारखा किंवा सडक्या अंड्यासारखा वास असेल तर तो गंधकाच्या संयुगांचा. ग्लास जोरात फिरवा, डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून वापरायच्या रुंद काचेच्या सुरईत) ओता, दहा-पंधरा मिनिटांत तो बऱ्याचदा ओसरतो. टीसीए मात्र जात नाही. कापलेलं सफरचंद काळं पडल्यासारखा वास म्हणजे हवा लागलेली वाइन, आणि नेलपॉलिश रिमूव्हरचा झणका म्हणजे इथाइल ॲसिटेट. बुचाच्या तळाशी किंवा बाटलीत चमकणारे खडे दिसले तर घाबरू नका. ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात, काच नव्हे, आणि निरुपद्रवी असतात.

उपाय एवढाच की सगळ्या बाटल्या पाहुणे बसायच्या तासभर आधी उघडा आणि दोघांनी वास घ्या. एकट्याने नको, कारण टीसीए ओळखण्याची ताकद माणसागणिक खूप बदलते, आणि नाकाला त्याची सवयही लवकर होते. पहिल्या हुंगण्यात जे कळलं ते पाचव्यांदा कळेलच असं नाही. फार जुन्या, नाजूक बाटल्या तेवढ्या यातून वगळा. त्या ऐनवेळीच उघडाव्यात. एक जादा बाटली नेहमी बाजूला असू द्या.

आणि ज्याने ती बाटली आणली त्याला बाजूला घेऊन सांगा. पैसे साठवून, मनात काही धरून त्याने ती आणलेली असते. टेबलावर सगळ्यांसमोर ‘ही गेली’ म्हणून ओरडलात की पुढच्या वेळी तो साधीच बाटली आणेल किंवा येणारच नाही. ‘यात तुझी निवड चुकलेली नाही, बुचाने घात केला’ एवढं म्हणा. हवं तर तीच बाटली सगळ्यांना शिकण्यासाठी फिरवा, पण त्याने होकार दिला तरच. आमच्या गटातल्या तिघांना कॉर्क्ड वास ओळखता येऊ लागला तो अशाच एका बाटलीमुळे.

जुनी आणि तरुण वाइन एकाच मापाने हाताळणं

तरुण, कडक बारोलो (इटलीतली रेड) किंवा बोर्दो (फ्रान्समधली) दोन तास डिकँटरमध्ये राहिली तर खुलते. तीस-चाळीस वर्षांची नाजूक वाइन तेवढ्या वेळात विरून जाऊ शकते. जुनीचं डिकँटिंग करायचं ते गाळ काढण्यासाठी, आणि तेही वाढायच्या ऐन आधी. त्यासाठी बाटली किमान एक दिवस आधी उभी करून ठेवा. गाडीतून हिंदकळत आलेली जुनी बाटली तासाभरात निवळत नाही, म्हणून ती आदल्या दिवशीच यजमानाकडे पोचवा. ओतताना मानेखाली दिवा धरा आणि गाळाची पहिली रेघ दिसली की थांबा. जुन्या बुचाला साधा स्क्रू लावला तर त्याचा भुगा होतो. दोन पात्यांचा ओपनर हाताशी ठेवा. तरीही बूच आत पडलंच तर बारीक, वास नसलेल्या गाळणीतून वाइन गाळून घ्या.

क्रम आणि विषय

विषय नसेल तर तुलना होत नाही. एकाच जातीच्या द्राक्षाच्या सहा ठिकाणच्या वाइन, किंवा एकाच उत्पादकाच्या सहा वेगवेगळ्या वर्षांच्या: दोन्ही चालतात. हलक्याकडून भारी, कोरड्याकडून गोड, हा क्रम सहसा योग्य. व्हाइट आधी हा मात्र दगडावरचा नियम नाही. फ्रान्समधल्या बरगंडी प्रदेशातल्या तळघरांत रेड आधी आणि व्हाइट नंतर चाखवण्याची पद्धत आहे, कारण तिथल्या धारदार, भरीव शार्दनेनंतर (व्हाइट) कोवळी पिनो न्वार (रेड) फिकी पडते. आणि सगळ्यात मोलाची बाटली शेवटी ठेवू नका. आमची ती रात्र आठवा. सहांपैकी तिसरी किंवा चौथी ही तिची जागा.

लिहायच्या आधी बोलणं

एक जण म्हणतो, ‘मला चेरी येतेय.’ पुढच्या मिनिटाला पाच जणांना चेरी येते. यात कोणी खोटं बोलत नसतं, नाकच तसं सुचवण्याला बळी पडतं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतल्या प्रयोगात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना वास नसलेल्या रंगाने लाल केलेली व्हाइट वाइन दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. शिकलेल्या नाकांना डोळे असे फिरवतात, तर मित्राच्या ठाम आवाजाचं काय! प्रत्येक वाइनला पाच मिनिटं शांतता ठेवा, सगळ्यांनी लिहा, मग वाचून दाखवा. सुरुवात गटातल्या सगळ्यात नवख्या माणसापासून करा, जाणकार शेवटी.

लेबलं झाकणार असाल तर नीट झाका. पिशवीतूनही बोर्दोचे रुंद खांदे, बरगंडीचा उतार आणि रीसलिंग या व्हाइटची उंच बारीक बाटली ओळखू येते. मानेवरचं वेष्टन पूर्ण काढा, बूच खिशात घाला, जमलं तर सगळ्या वाइन सारख्या डिकँटरमध्ये ओता. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये ब्रिटिश वाइन-व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी घेतलेल्या ब्लाइंड टेस्टिंगमध्ये (लेबलं झाकून घेतलेल्या चाचणीत) फ्रेंच परीक्षकांनी कॅलिफोर्नियाच्या वाइनना रेड आणि व्हाइट दोन्ही गटांत पहिलं ठरवलं, ते लेबलं दिसत नव्हती म्हणूनच.

वास आणि ग्लास

अत्तर नको, सुगंधी मेणबत्ती नको, लिलीची फुलं नकोत. बंद कपाटातल्या किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या ग्लासला स्वतःचा वास असतो. आदल्या दिवशी साबणाशिवाय गरम पाण्याने धुवा आणि वाढायच्या आधी हुंगून पाहा. महागड्या ग्लासची गरज नाही. सगळ्यांचे सारखे हवेत, एवढंच.

उरलेली वाइन टाकू नका. छोट्या बाटलीत तोंडापर्यंत भरून, घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा आणि ज्याला त्या वाइनबद्दल सगळ्यात जास्त शंका होती त्याच्या हाती द्या. दुसऱ्या संध्याकाळी त्याने आदल्या रात्रीच्या टिपा शेजारी ठेवून ती पुन्हा चाखावी आणि काय बदललं ते गटाला कळवावं.