फोर-सीम फास्टबॉल कसा टाकावा

फोर-सीम फास्टबॉल म्हणजे बेसबॉलमधला सरळ, वेगवान चेंडू. क्रिकेटचा वेगवान गोलंदाज धावत येऊन वेग आणतो. बेसबॉलच्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, ती सोय नाही. एक पाय रबरला (जमिनीत बसवलेल्या पट्टीला) टेकवून उभं राहायचं आणि १८.४४ मीटरवरच्या होम प्लेटकडे, म्हणजे बॅटर उभा असतो तिथल्या पाटीकडे, चेंडू फेकायचा. कोपर मात्र हवं तितकं वाकवता येतं, आणि नवख्यांची फसगत तिथेच होते. सगळा जोर ते हातातूनच काढू पाहतात. (पुढचं सगळं उजव्या हाताने टाकणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी उलटं धरावं.)

पकड सोपी आहे. शिवण जिथे घोड्याच्या नालेसारखी वळते तिथे तर्जनी आणि मधलं बोट आडवी ठेवा. टोकाची पेरं टाक्यांवर हवीत, दोन बोटांत जेमतेम एका बोटाची फट, अंगठा बरोबर खाली. चेंडू तळव्यात रुतवू नका. सुटताना तो अडखळतो आणि उलटी फिरकी मरते.

खरं काम पायांचं. डावा गुडघा उचला, वजन उजव्या पायावर घ्या, मागे रेलू नका. आधी कंबर पुढे सरकू द्या, पाय मागोमाग जाईल. पाऊल साधारण उंचीच्या ८० ते ९० टक्के लांब पडावं. ते टेकतं त्या क्षणी कंबर बॅटरकडे वळू लागलेली, छाती मात्र अजून तिसऱ्या बेसकडे (पिचरच्या उजवीकडे) हवी. कोपर खांद्याच्या रेषेत, चेंडू वर आलेला. वेग साठतो तो या पिळात. मग डावा गुडघा ताठ होऊ लागतो. बसने करकचून ब्रेक मारला की उभ्या प्रवाशाचं वरचं अंग पुढे झेपावतं, तसं धड झेपावतं आणि मागे लवलेला हात ओढला जातो. चांगल्या पिचरचा खांदा इथे सेकंदाला सुमारे ७,००० अंशांच्या गतीने आत फिरतो.

चेंडू सारखा उजवीकडे उंच जातोय? बहुतेक वेळा छाती लवकर उघडलेली, म्हणजे बॅटरकडे वळलेली असते. हात मागे राहतो आणि भार कोपरावर येतो. डावा गुडघा टेकल्यावरही वाकत गेला, तर ब्रेकच लागत नाही. मातीतली पावलाची खूणही बघा. ती रबरपासून प्लेटकडे जाणाऱ्या रेषेच्या बरीच उजवीकडे असेल, तर कंबर अडते आणि चेंडू अंगावरून आडवा फेकावा लागतो. सुटल्यावर हात मध्येच थांबवू नका, डाव्या गुडघ्याच्या बाहेरपर्यंत जाऊ द्या.

‘चेंडू वर उसळतो’ ही बॅटरांची जुनी दंतकथा. फास्टबॉल खालीच येतो; मिनिटाला २,३०० च्या आसपास उलट्या फेऱ्यांमुळे तो अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो आणि बॅट त्याच्या खालून जाते.

वेगाचे आकडे वाचताना मोजमाप कुठे झालं ते विचारा, कारण प्लेटपर्यंत चेंडू सुमारे ८ ते १० टक्के वेग गमावतो. अमेरिकी पिचर बॉब फेलरचा १९४६ चा ताशी १५८.७ किमी प्लेटजवळचा. पिचर अरोल्डिस चॅपमनचा २०१० चा सुमारे १७० किमी हातातून सुटतानाचा. दोन्ही एका तराजूत घालता येत नाहीत.

मुलांसाठी अमेरिकेतल्या ‘पिच स्मार्ट’ या मार्गदर्शक नियमांची मर्यादा पाळा: ११-१२ वर्षांना दिवसाला ८५ चेंडू, १३-१४ ला ९५, ६६ किंवा जास्त टाकले तर ४ दिवस विश्रांती. कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं, तर आकडा कितीही असो, त्या दिवशी चेंडू खाली ठेवा.