दिल्लीत घरगुती मुक्काम करताना
दिल्ली बघायला हॉटेलपेक्षा ‘बेड अँड ब्रेकफास्ट’, म्हणजे कुणाच्या घरी खोली आणि सकाळचा नाश्ता, मला कधीही बरं वाटतं. फक्त घर मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ हवं. लाजपत नगरला मुक्काम केलात तर मेट्रोची व्हायोलेट लाइन थेट लाल किल्ल्याला नेते. सोमवारी लाल किल्ला बंद असतो, तेव्हा त्या दिवशी हुमायूनची कबर किंवा कुतुबमिनार करा. नाश्त्याची वेळ आदल्या रात्रीच ठरवून घ्या. पहाटे निघायचं असेल तर आलू पराठा आणि लोणचं फॉइलमध्ये बांधून मागा. आणि एक नक्की विचारा: रात्री कॉलनीचं कुठलं गेट उघडं असतं? बऱ्याच कॉलन्यांची एकदोन सोडून बाकी गेटं रात्री बंद होतात, मग बॅगा ओढत अख्ख्या कॉलनीला वळसा पडतो.