गिटार अँप्लिफायरच्या कॅबिनेटमधून स्पीकर काढताना

नवा स्पीकर बसवायचा असो किंवा फाटलेला कोन, म्हणजे स्पीकरचा थरथरणारा कागदी पडदा, दुरुस्तीला द्यायचा असो, गिटारच्या कॅबिनेटमधून स्पीकर काढण्याचे काम घरी सतरंजी अंथरून निवांतपणे करता येते. या कामात सर्वाधिक नुकसान निसटलेल्या स्क्रू ड्रायव्हरने होते, कारण स्पीकरचे चुंबक पोलादी हत्यार अनपेक्षितपणे ओढून घेते आणि त्याचे टोक कागदी कोनातून सहज आरपार जाते.

कॅबिनेट स्वतंत्र असेल तर अँप बंद करून स्पीकरची केबल काढावी, आणि अँप व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) असल्यास स्पीकर पुन्हा जोडेपर्यंत तो सुरू करू नये, कारण स्पीकरच्या भाराविना त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अँप आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्या कॉम्बोमध्ये मात्र प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्ट साठून राहू शकतात. त्यामुळे मागची फळी काढल्यावर चासीचा, म्हणजे अँपचे सर्किट असलेल्या धातूच्या सांगाड्याचा, आतला भाग उघडा पडत असेल, तर हे काम जाणकार तंत्रज्ञाकडेच सोपवावे.

स्पीकर कोणत्या बाजूने बसवला आहे, हे आधी पाहावे. मार्शल कंपनीच्या १९६० मालिकेतील चार स्पीकरांच्या कॅबिनेटमध्ये ते मागून बसवलेले असतात, म्हणून मागच्या प्लायचे सर्व स्क्रू काढावे लागतात. ही फळी हिसडून ओढू नये, कारण केबल जोडण्याची जॅकपट्टी तिच्यावरच असते आणि तिथून निघालेल्या तारा आत स्पीकरांपर्यंत गेलेल्या असतात. फेंडरच्या मागून उघड्या कॉम्बोमध्ये स्पीकर बहुधा समोरच दिसतो. काही कॅबिनेटमध्ये स्पीकर पुढून बसवलेले असतात. तिथे जाळीची चौकट आधी काढावी.

तारा सोडवण्यापूर्वी मोबाइलवर स्वच्छ फोटो काढावा आणि धन टोकाची खूण लक्षात ठेवावी. सोळा ओहमचे चार स्पीकर विशिष्ट पद्धतीने जोडल्यामुळेच एकूण रोध पुन्हा १६ ओहम होतो. जोडणी चुकल्यास अँपवर ताण येतो आणि एका स्पीकरची टोके उलटली तर आवाजातला खर्ज हरवतो. तारेच्या टोकाची क्लिप काढताना तार न ओढता क्लिपचाच धातू पकडीने धरून हलकेच डोलवावा. क्लिपऐवजी डाग (सोल्डर) दिलेला असेल तर तो वितळवताना कोनावर पुठ्ठा ठेवावा.

स्पीकर मागून बसवलेले असल्यास कॅबिनेट तोंडावर पालथे घालावे, म्हणजे नट किंवा बोल्ट निघाले तरी स्पीकर स्वतःच्या वजनाने जागेवर राहतो. ते समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे सैल करावेत, आणि तेही ड्रिलने नव्हे, हाताच्या बॉक्स पान्याने. बोल्टबरोबर प्लायमध्ये पुढून ठोकलेला टी-नटही गरगर फिरू लागल्यास जोर लावून आटे घालवण्यापेक्षा जाळी काढून तो पुढून धरावा.

खरी परीक्षा यानंतर असते. पुण्यातले काही पावसाळे पाहिलेल्या कॅबिनेटमध्ये स्पीकरच्या कडेचे गॅस्केट (फट बुजवणारी पट्टी) ओलीने प्लायला असे चिकटते की सगळे नट-बोल्ट काढूनही स्पीकर तसूभर हलत नाही. अशा वेळी एकाच जागी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये, कारण त्याने स्पीकरची पत्र्याची चौकट वाकते आणि मग आतली कॉइल घासू लागते. रंगारी लांबी भरण्यासाठी वापरतात ती पातळ, रुंद पट्टी चौकट आणि प्लायच्या फटीत थोडी थोडी सरकवत पूर्ण फेरी मारावी, आणि नंतर चौकट दोन्ही हातांनी धरून किंचित पिळावी. घाई केली नाही तर गॅस्केट बहुतेक वेळा अखंड निघते.

सेलेस्टियन कंपनीचा बारा इंची व्हिंटेज ३० स्पीकर सुमारे ४.७ किलोचा असतो. तो नेहमी चौकटीला धरून सरळ वर उचलावा आणि कोन वर येईल असा ठेवावा. दोन स्पीकर जवळजवळ ठेवू नयेत. मल्टिमीटर लावल्यास आठ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. काहीच न दाखवल्यास कॉइल किंवा तिची तार तुटलेली असते.

सैल पडलेल्या क्लिपांच्या जागी नव्या क्लिप पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत मिळतील, पण क्लिप जिच्यावर बसते त्या स्पीकरच्या पट्ट्या ४.८ आणि ६.३ मिलिमीटर अशा दोन्ही रुंदींच्या असतात, तेव्हा माप घेऊनच जावे. स्पीकरही सोबत न्यायचा असेल, तर चौकटीच्या भोकांतून दोरी ओवून कोनावर जाड पुठ्ठा बांधावा, विशेषतः तो स्कूटरच्या पायाशी ठेवून पेठांतल्या गर्दीतून न्यायचा असेल तेव्हा.