टॅटू कन्व्हेन्शनला जाताना: कलाकार कसा निवडावा

काठमांडूच्या टॅटू कन्व्हेन्शनला, म्हणजे टॅटू कलाकारांच्या मेळाव्याला जाणार असाल, तर पहिल्या दिवशी टॅटू करून घेऊ नका. तो दिवस नुसता बघण्यासाठी ठेवा. तिकीट काढून, विमानाने तिथवर जाऊन दिवसभर हिंडत बसायचं हे सुरुवातीला जिवावर येतं, पण कन्व्हेन्शनचा खरा उपयोग त्या हिंडण्यातच आहे. एरवी आपण कलाकार निवडतो तो इन्स्टाग्रामवरच्या फोटोंवरून. ते फोटो टॅटू पूर्ण झाल्यावर दहा मिनिटांत, चांगल्या दिव्याखाली काढलेले असतात. कन्व्हेन्शनमध्ये मात्र एकाच सभागृहात कितीतरी कलाकारांचे हात प्रत्यक्ष चालताना दिसतात. असं शेजारीशेजारी ताडून बघणं दुसरीकडे कुठेही जमत नाही.

आंतरराष्ट्रीय टॅटू कन्व्हेन्शनची सुरुवात अमेरिकेतल्या ह्यूस्टनला १९७६ साली झाली. लंडनचं गाजलेलं कन्व्हेन्शन २००५ पासूनचं, काठमांडूचं २०११ पासूनचं. भारतातही असे मेळावे भरतात, पण मी इथे काठमांडूचं उदाहरण घेतेय, कारण ते आपल्याला सोयीचं आहे. व्हिसा लागत नाही आणि जगभरचे कलाकार येतात. शिवाय नेपाळी आणि भारतीय कलाकारांनी आयुष्यभर आपल्यासारख्याच सावळ्या-गव्हाळ कातडीवर काम केलेलं असतं. या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व पुढे कळेल.

दोन-तीन महिने आधी

तारखा आणि जागा दरवर्षी आयोजकांच्या पानावर बघून घ्या. तिथेच येणाऱ्या कलाकारांची यादी जाहीर होते. यादीतल्या प्रत्येकाचं काम बघा आणि आठ-दहा नावं काढा. नावं काढताना आधी शैली ठरवा. बारीक रेषांचं काम करणारा, ठिपक्यांचं डॉटवर्क करणारा, माणसाचा चेहरा हुबेहूब उतरवणारा आणि जाड काळ्या आकृत्यांचं ब्लॅकवर्क करणारा हे चार वेगळे लोक असतात. सगळंच करतो म्हणणाऱ्याचं एखादंच अंग खरं पक्कं असतं, ते कोणतं हे त्याच्या कामातून ओळखायचं.

मग त्या फोटोंमध्ये हील झालेलं, म्हणजे जखम पूर्ण भरून किमान वर्ष उलटलेलं काम शोधा, तेही आपल्या रंगाच्या कातडीवरचं. टॅटूची शाई कातडीच्या वरच्या थराखाली, साधारण एक-दोन मिलिमीटर खोल बसते. आपल्या कातडीला रंग देणारं मेलॅनिन असतं वरच्या थरात. म्हणजे शाई आपण रंगीत काचेतून बघावी तशी बघतो. गोऱ्या कातडीवर झळकणारा पिवळा, फिकट निळा किंवा पांढरा रंग सावळ्या कातडीवर भरून आल्यावर मळकट दिसतो. काळा आणि गडद लाल टिकून दिसतात. जो कलाकार हे स्वतःहून सांगतो, त्याच्या नावापुढे खूण करा.

निवडलेल्यांना लिहिताना मोघम लिहू नका. आकार सेंटिमीटरमध्ये, अंगावरची जागा, त्या जागेचा फोटो, दोन-तीन संदर्भचित्रं आणि तुमचं बजेट इतकं एका संदेशात बसतं. बरेच कलाकार दिवसातले काही स्लॉट आधीच बुक करतात आणि बाकीचे तिथे येणाऱ्यांसाठी मोकळे ठेवतात. तुमचा कलाकार काय करतो ते विचारा. मन पक्कं नसेल तर ॲडव्हान्स देऊ नका. तो सहसा परत मिळत नाही.

काही गोष्टी टॅटू ठरवायच्या आधीच तपासायच्या. कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी कातडी गाठीसारखी वर आली असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांनी तर नियम वाचूनच जागा ठरवावी. सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंतची हाताची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू एवढ्याच ठिकाणी कायमचा टॅटू चालतो. आदिवासी समाजांना परंपरेप्रमाणे सवलत आहे. नियमित रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर आपल्याकडे बारा महिने रक्त देता येत नाही, हेही धरून चला.

प्रवासाचं थोडक्यात: विमानाने नेपाळला जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, १५ ते ६५ वयातल्यांना आधार कार्ड चालत नाही. तिथे भाव ऐकताना तो आयसी की एनसी, म्हणजे भारतीय रुपयांत की नेपाळी रुपयांत, हे विचारून घ्या. आपले १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०, त्यामुळे गैरसमज चांगलाच महागात पडतो.

पहिला दिवस: हात बघा

सभागृहात शिरलात की मशीनची एकसारखी घरघर, स्पिरिटचा वास आणि गर्दी यांनी तासभर भांबावायला होतं. एक फेरी नुसती मारा. मग यादीतल्या प्रत्येक बूथसमोर दहा-पंधरा मिनिटं थांबा.

काय बघायचं? आधी रेषा. रेषा जिथे सुरू होते आणि जिथे दुसरीला मिळते, ती दोन टोकं बघा. मध्ये सगळ्यांचीच सरळ येते, कच्चेपण सांध्यात दिसतं. एकाच रेषेवरून सुई चार-चार वेळा फिरत असेल, तर हात अजून बसलेला नाही. रेषेच्या कडेला निळसर धूसर सावली पडलेली दिसली, तर सुई जास्त खोल जाऊन शाई पसरते आहे, आणि ते मागे घेता येत नाही. भरीव काळा भाग सगळीकडे सारखा आहे का ते बघा. कातडी लाल होणं, थोडी सुजणं, रक्ताचे बारीक थेंब येणं हे चालायचंच, पण ती खरवडल्यासारखी दिसली तर पुढच्या बूथकडे चला.

आणि मशीन नसलेला हात बघायला विसरू नका. कातडी ताणून धरणं हे निम्मं काम आहे. चांगला कलाकार दर रेषेआधी तो हात नव्याने बसवतो, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे एक नजर टाकतो, श्वास सुटेपर्यंत थांबतो. बरगडीवर काम चाललं असेल तर हे फार स्पष्ट दिसतं.

या गर्दीतली सगळ्यात खरी माहिती मात्र बूथवर नसते, ती प्रेक्षकांच्या अंगावर असते. तिथे आलेल्यांपैकी कित्येकांच्या हातापायांवर पाच-दहा वर्षांचे टॅटू असतात. 'हा किती वर्षांचा? कोणी केला?' असं सरळ विचारा. लोक बाही वर सारून कौतुकाने दाखवतात. फोटो काढायच्या आधी तेवढी परवानगी घ्या.

कन्व्हेन्शनमध्ये टॅटूंच्या स्पर्धाही होतात. त्या बघायला मजा येते, पण टेबलावरच्या ट्रॉफ्या मोजून कलाकार निवडू नये असं माझं मत आहे. मंचावर येणारं पुष्कळसं काम ताजं आणि आकाराने मोठं असतं. तुमच्या मनगटावरची चार इंचांची वेल पाच वर्षांनी कशी दिसेल, हे ट्रॉफी सांगत नाही.

हाताने टोचून काम करणाऱ्या कलाकाराचा बूथ असेल तर तिथे जरूर रेंगाळा. मशीन नसल्यामुळे तो कोपरा शांत असतो. नेपाळमध्ये थारू आणि नेवार बायकांच्या अंगावर अशी जुनी गोंदणं आहेत. मेल्यावर सोबत येतं ते फक्त गोंदण, असं आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका सांगत आल्या. नेपाळमध्येही मेल्यानंतरच्या जगात गोंदण उपयोगी पडतं अशी समजूत आहे.

बोलणी

संध्याकाळपर्यंत दोन-तीन नावं उरतात. आता त्यांच्याशी बोला, पण सुई चालू असताना नको, हात मोकळा झाल्यावर. मला नकार देणारा कलाकार आवडतो. 'एवढ्या लहान जागेत इतके बारकावे राहणार नाहीत' किंवा 'बोटाच्या कडेला नको, तिथली शाई लवकर उडते' असं जो म्हणतो, तो स्वतःची कमाई बाजूला ठेवून तुमच्या कातडीचा विचार करतो आहे. तुम्ही दाखवलेलं दुसऱ्या कोणाचं चित्र जसंच्या तसं उतरवायला जो लगेच तयार होतो, त्याच्याबद्दल सावध राहा.

आणखी एक हिशेब आहे. परदेशातून आलेला कलाकार चार दिवसांनी निघून जाणार. त्याच्याकडून एका बैठकीत पुरं होणारं, ठसठशीत काम घ्या. बूथवर मांडलेल्या तयार चित्रांना फ्लॅश म्हणतात; ती त्या कलाकाराने शेकडो वेळा गिरवलेल्या वळणांची असतात, म्हणून बहुधा उत्तम उतरतात. पूर्ण पाठ किंवा अख्खा हात अशी दोन-चार बैठकांची कामं मात्र जिथे पुन्हा सहज जाता येईल अशाच माणसाकडे सोपवा. टच-अप, म्हणजे भरून आल्यावर फिकट राहिलेल्या जागी पुन्हा शाई भरणं, कोण करणार, कुठे करणार, त्याचे पैसे वेगळे का, हे आधीच ठरलेलं बरं. घासाघीस करू नका. बजेट सांगा आणि तेवढ्यात काय चांगलं होईल ते विचारा.

अक्षरं गोंदवायची असतील तर

हा भाग मी सविस्तर लिहितेय, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. माझ्या मनगटावर पुण्यातल्या एका स्टुडिओत करून घेतलेला 'धीर' हा शब्द आहे, जेमतेम सेंटिमीटरभर उंचीचा. सहा वर्षांत शाई जराशी पसरली, 'ध'च्या डोक्यावरची फट बुजली आणि आता तो 'घीर' वाचला जातो. कातडीत शाई थोडी पसरतेच, कोणाचाही हात असो. देवनागरीत तेवढ्याने अक्षर बदलतं: 'भ'चा 'म' होतो, 'थ'चा 'य' होतो, अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला चिकटतो. म्हणून फटी मोकळ्या ठेवा, अक्षर मोठं घ्या. कलाकार म्हणेल तेवढ्यापेक्षा लहान करण्याचा हट्ट धरू नका.

नेपाळी कलाकाराला देवनागरी वाचता येते, हा मोठा आधार आहे. तरी मराठी वळण त्याच्या हाताला नसतं. 'ळ' त्याच्या रोजच्या लिहिण्यात येत नाही. आपला देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' नेपाळी-हिंदीच्या वळणाहून वेगळे आहेत; महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये याच रूपांना प्रमाण मानलं. शिवाय काही सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवला की जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या बाजूला जाते. त्यामुळे शब्द टाइप करून पाठवू नका, त्याचं चित्र घेऊन जा. सगळ्यात उत्तम म्हणजे कोणाच्या तरी हस्ताक्षरातलं. आईने वहीत लिहिलेलं तुमचं नाव असेल, तर त्याच्यापुढे कोणताही फॉन्ट फिका आहे. 'आई' की 'आइ', 'शक्ती' की 'शक्ति', हे व्याकरण जाणणाऱ्या दोघांकडून तपासून घ्या.

सुई लावण्याआधी गिरवण्यासाठी उमटवतात ती स्टेन्सिलची जांभळी छाप अंगावर उमटली की आरशात वाचू नका, अक्षरं उलटी दिसतात. मोबाइलने फोटो काढा, मोठा करा, एकेक अक्षर वाचा, घरी पाठवून आणखी कोणाला वाचायला लावा. छाप स्पिरिटने पुसून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही लावता येते. तसं सांगताना संकोच करू नका.

सुई उघडताना

सभागृहातलं टेबल तात्पुरतं असतं आणि नळ लांब असतो, म्हणून इथे स्टुडिओपेक्षा जास्त बारकाईने बघावं लागतं. सुईचं कार्ट्रिज (सुई बसवलेली छोटी नळी) सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर निघालं पाहिजे. पाकिटावरची मुदत वाचा. शाई मोठ्या बाटलीतून नव्या छोट्या कपात ओतली जाते आणि उरलेली फेकली जाते. ती परत बाटलीत गेली तर तिथून उठा. मशीन, वायर आणि फवाऱ्याची बाटली यांवर प्लास्टिकचं आवरण हवं. हातमोज्यांनी मोबाइल उचलला की हातमोजे बदललेच पाहिजेत. वापरलेल्या सुया टाकायला वेगळा कडक डबा हवा. धातूची ग्रिप, म्हणजे मशीन धरायची मूठ, पुन्हा वापरत असतील तर ती ऑटोक्लेव्हमध्ये, दाबाखालच्या १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत निर्जंतुक केलेली आहे का, हे विचारा. हिपॅटायटिस बी आणि सी रक्ताच्या दिसतही नाही एवढ्या अंशातून पसरतात, त्यामुळे इथे भीड नको.

त्या दिवशी पोटभर जेवून जा, आदल्या रात्री दारू घेऊ नका आणि जागा सहज उघडी करता येईल असे कपडे घाला. लोक समोर उभे राहून बघत असतात. ते नको असेल तर पडदा लावता येईल का ते आधीच विचारा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच सांगा.

परतीच्या वाटेवर

काठमांडूत वसंतात धूळ फार असते, आणि १४०० मीटर उंचीवरचं ऊनही चटका देतं. कलाकाराने पारदर्शक फिल्म लावली असेल तर ती किती दिवस ठेवायची हे त्याच्याकडून लिहून घ्या. फिल्म नसेल तर सौम्य साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, त्याने सांगितलेलं मलम अगदी पातळ लावा. पाठपिशवीचा पट्टा टॅटूवर येऊ देऊ नका. दोन-तीन आठवडे पोहणं नाही, थेट ऊन नाही. खपली आणि खाज दोन्ही येतील. खपली ओढली तर तिच्यासोबत शाई निघते. ताप आला, पू झाला किंवा लाली पसरत चालली तर मलमं बदलत बसू नका, डॉक्टरकडे जा.

दीड-दोन महिन्यांनी, दिवसाच्या साध्या उजेडात, त्या जागेचा फोटो काढून कलाकाराला पाठवा. टच-अप लागेल का हे तेव्हाच नीट कळतं. शिवाय गिऱ्हाईक गावी गेलं की भरून आलेल्या कामाचे फोटो कलाकारापर्यंत सहसा पोचत नाहीत, आणि पुढच्या वर्षी यादी चाळणारं कोणीतरी नेमका तोच फोटो शोधत असतं.