मानेतल्या गाठी: इलास्टोग्राफी आणि डिफ्यूजन एमआरआय वाचताना या चुका टाळा

तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण आला की सर्जन विचारतात: मानेच्या लिम्फ नोडमध्ये (मानेतल्या गाठींत) आजार उतरलाय का, हे इलास्टोग्राफी नीट सांगेल की डिफ्यूजन एमआरआय? दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, हे विसरून एकीचा आकडा दुसरीशी ताडून पाहणं ही पहिली चूक. इलास्टोग्राफी सोनोग्राफीच्या प्रोबने गाठीत लहर पाठवून तिचा कडकपणा मोजते. डिफ्यूजनमध्ये कळतं ते पेशींच्या गर्दीत पाण्याचे रेणू किती मोकळे हलतात ते.

इलास्टोग्राफीत बहुतेक घोळ हाताने होतो. प्रोब दाबला की मऊ गाठही कडक दिसते. जेल भरपूर लावा, प्रोब नुसता टेकवा, रुग्णाला क्षणभर श्वास रोखायला आणि गिळू नका म्हणून सांगा. कडकपणाचा किलोपास्कलमधला आकडा स्थिरावू द्या आणि पुन्हा पुन्हा मोजा. कॅरोटिडला (मानेतल्या मोठ्या धमनीला) लागून असलेल्या गाठीत कडकपणा दाखवणारा रंग ठोक्यागणिक बदलतो, त्या रंगावर विसंबू नका. खोल गाठीत रंग भरलाच नाही, तर ती मऊ आहे असं लिहू नका. तिथे लहर पोचलेलीच नसते.

डिफ्यूजनमध्ये गाठ चकाकली की लगेच ‘मेटास्टेसिस’ (कॅन्सरचा प्रसार) लिहिलं जातं. पण निरोगी लिम्फ नोडही पेशींनी गच्च भरलेला असतो, त्यामुळे तोही चकाकतो. शेजारी एडीसी मॅप (पाणी किती मोकळं हलतं याचा आकड्यांचा नकाशा) उघडा. पाण्याला खरा अडथळा असेल तर गाठ तिथे काळपट दिसते. चार-पाच मिलिमीटरच्या गाठीत एडीसीचा आकडा आजूबाजूच्या ऊतींशी मिसळतो. दातांतल्या धातूने चित्र वाकडं होतं, ते वेगळंच. दुसऱ्या मशीनवर ठरलेला कटऑफ (सीमारेषेचा आकडा) आपल्याकडे जसाच्या तसा लावू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळी आहे: दोन्ही तपासण्यांचं एकमत झालं की निर्धास्त होणं. कॅन्सरची गाठ आतून सडली, की ती मऊही होते आणि तिचा एडीसीही वाढतो. म्हणजे दोन्ही तपासण्या एकाच कारणाने, एकाच दिशेला चुकतात. अशा गाठीत मोजणी कडेच्या घट्ट भागातच करा. उलट, आपल्याकडे मानेतला टीबी नेहमीचा. टीबीची जुनी, तंतुमय झालेली गाठ कडक लागते, पू भरलेल्या गाठीत एडीसी घटतो, आणि दोन्ही कॅन्सरसारख्या भासू शकतात. संशय आला की सोनोग्राफीखाली एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणी) हवीच.

आणि दोन्ही रिपोर्ट स्वच्छ आले म्हणून मानेचं ऑपरेशन टाळा, असं सुचवू नका. दोन मिलिमीटरपर्यंतचा सूक्ष्म प्रसार यांपैकी कुठलीही तपासणी खात्रीने पकडत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या टप्प्यातल्या आणि मानेत काही न आढळलेल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये, आधीच मानेचं ऑपरेशन केलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ उठेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. म्हणून रिपोर्टमध्ये ‘प्रसार नाही’ असं लिहू नका. ‘संशयास्पद गाठ दिसली नाही’ असं लिहा, आणि दिसलेल्या प्रत्येक गाठीची लेव्हल (ती मानेच्या कुठल्या भागात आहे ते) नोंदवा.